ट्रॅक्टरचे स्टिअरिंग : तपासणी, निगा व दुरुस्ती

ट्रॅक्टरचे इंजिन बिघडले म्हणजे ते मालकाच्या तत्काळ ध्यानात येते. धूर येतो, आवाज बदलतो, अखेरीस यंत्र जागेवर उभे राहते व काम थांबते. स्टिअरिंगचे तसे नाही. त्याची झीज केसाकेसाने होत जाते, काम मात्र चालूच राहते आणि चालकाचा हात त्या ढिलाईला नकळत सरावतो. चाक चार बोटे रिकामे फिरू लागले, तरी तो तेवढे अधिक फिरवून वेळ निभावून नेतो. शेतात नांगरट संथ गतीने चालू असते तोवर हे खपून जाते. परंतु गळीत हंगामात तोच ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत रस्त्यावर येतो. समोरून एस. टी. येते, कडेने शाळेची मुले चाललेली असतात. अशा वेळी चार बोटांची ती ढिलाई जीवावर बेतू शकते.

यास्तव स्टिअरिंगची पारख हाताच्या सवयीवर न सोपवता मोजमापाने करावी, ढिलाई नेमक्या कोणत्या सांध्यात आहे ते आधी शोधावे आणि मगच पान्याला हात घालावा, हे या विषयातील मुख्य सूत्र होय.

रचनेची ओळख

हाताचे वळण पुढील चाकांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे. साध्या, म्हणजे तेलाच्या दाबाचे साहाय्य नसलेल्या स्टिअरिंगमध्ये चालकासमोरील चाकाचा दांडा खाली स्टिअरिंगच्या पेटीत उतरतो. त्याच्या टोकास मळसूत्राचे आटे असून त्यांवर एक नट चढविलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत आटे व नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत असतात व त्यामुळे घर्षण कमी होते. नट सरकले की पेटीतील आडवा दांडा थोडासा फिरतो व त्यावर बसविलेला ड्रॉप आर्म पुढेमागे होतो. ड्रॉप आर्म हा ड्रॅग लिंक नावाच्या लांब दांड्यास ओढतो किंवा ढकलतो. ड्रॅग लिंक एका चाकाच्या स्टिअरिंग आर्मला वळविते आणि टाय रॉड ते वळण दुसऱ्या चाकास पोहोचवितो. जुन्या ठेवणीच्या काही ट्रॅक्टरांत दोन्ही बाजूंस स्वतंत्र ड्रॅग लिंक असून टाय रॉड नसतो.

पुढील चाक स्टब ॲक्सलवर फिरते. स्टब ॲक्सलचा उभा दांडा, ज्यास कारागीर किंग पिन म्हणतात, पुढील ॲक्सलच्या टोकातील बुशांमध्ये वळतो आणि त्या जागी येणारा भार थ्रस्ट बेअरिंग पेलते. दांडे एकमेकांस जेथे जोडले जातात, तेथे बॉल जॉइंट असतात. वाटीत बसविलेल्या गोळ्याप्रमाणे हा सांधा सर्व बाजूंस वळू शकतो. चालकाचा हात व जमिनीवरील टायर यांच्यामध्ये अशा रीतीने सात-आठ सांधे येतात. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज झाली, तरी त्या सर्वांची बेरीज चालकाच्या हाती येते.

दोन चाके, दोन फेरे

खळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा आतला बैल लहान फेरा घेतो व बाहेरचा मोठा. ट्रॅक्टर वळताना त्याच्या पुढील चाकांचीही हीच स्थिती असते. आतील चाक अधिक वळले पाहिजे व बाहेरचे कमी, अन्यथा एक चाक घासत फरफटते. घोडागाड्यांसाठी ही योजना म्युनिक येथील गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी शोधून काढली व रुडॉल्फ आकरमन यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आज मोटारी व ट्रॅक्टर यांच्या स्टिअरिंग आर्मची तिरपी ठेवण याच तत्त्वावर आधारलेली आहे. म्हणून वाकलेला स्टिअरिंग आर्म किंवा चुकीच्या लांबीवर बसविलेला टाय रॉड हा केवळ दिसण्यातला दोष नव्हे. त्यामुळे टायर अकाली झिजतात व वळणावर ट्रॅक्टर चालकाच्या अपेक्षेप्रमाणे वळत नाही.

मोकळीक कशी मोजावी

स्टिअरिंगचे चाक फिरवूनही पुढील चाके जागची हलत नाहीत, त्या रिकाम्या फेऱ्यास मोकळीक म्हणतात. कारागिरांच्या बोलीत तोच ‘प्ले’. ती मोजण्यासाठी ट्रॅक्टर सपाट व टणक जमिनीवर, पुढील चाके सरळ ठेवून उभा करावा. अवजार खाली टेकवावे, इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व मागील चाकांना मागेपुढे ठोकळे द्यावेत. पॉवर स्टिअरिंग असल्यास मात्र मोजणी इंजिन सुरू ठेवून करावी लागते. अशा वेळी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून घ्यावी व कोणीही चाकांच्या पुढे किंवा मध्ये उभे राहू नये.

एका माणसाने पुढील टायरवर हात ठेवून बाजूस उभे राहावे. दुसऱ्याने स्टिअरिंगचे चाक हळूहळू डावीकडे फिरवावे आणि टायर हलू लागताच थांबावे. तेथे चाकाच्या कडेवर खडूने खूण करावी. मग उजवीकडे फिरवून तशीच दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर टेपने कडेवरून मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे ही मोकळीक ३० अंशांहून अधिक असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेवरील सुमारे साडेदहा सेंटिमीटर अंतर होय. परंतु ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा बहुधा याहून पुष्कळ कमी असते व तीच पाळणे हिताचे आहे. मोजलेला आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. पुढील मोजणीच्या वेळी तो वाढलेला दिसला, तर झीज किती वेगाने होत आहे, हे आपोआप समजते.

ढिलाईचा सांधा शोधणे

मोकळीक अधिक भरली म्हणजे अनेक जण प्रथम स्टिअरिंगच्या पेटीवरील स्क्रू आवळतात. ही सर्वांत मोठी चूक होय. दोष बाहेरच्या सांध्यात असताना पेटी आवळली, तर तिच्यातील दाते व गोळ्या अकारण घासतात, स्टिअरिंग जड होते, वळणानंतर चाक स्वतःहून सरळ येईनासे होते आणि मूळची ढिलाई तशीच राहते.

योग्य पद्धत अशी, की इंजिन बंद असताना एकाने स्टिअरिंगचे चाक डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने पेटीपासून चाकापर्यंत क्रमाने एकेक सांधा पाहावा. सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून हाताची बोटे ठेवली, की एक भाग आधी हलतो व दुसरा मागाहून, हे बोटांना स्पष्ट कळते. दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर दोष पेटीच्या आत आहे. पेटीतून बाहेर आलेला दांडा फिरतो व त्यावरील ड्रॉप आर्म मागे राहतो, तर त्याचे नट सैल आहे किंवा दाते झिजले आहेत. संपूर्ण पेटीच हलत असेल, तर तिचे बोल्ट ढिले आहेत. बॉल जॉइंट वाटीत खडखडत असेल, तर तो बदलण्यास आला आहे.

समजा, ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर मोकळीक ९ सेंटिमीटर भरली. तपासणीत ड्रॅग लिंकचा पुढचा सांधा झिजलेला आढळला. तो बदलल्यावर मोकळीक ५ सेंटिमीटरवर आली. ड्रॉप आर्मचे नट आवळल्यावर ती ३ सेंटिमीटर राहिली. येथे पेटीस हात लावण्याची गरजच पडली नाही. सांधा शोधण्यात गेलेली अर्धी घटका पेटीच्या दुरुस्तीचा खर्च वाचविते, तो असा.

पुढील चाके उचलून तपासणी

यानंतर पुढील ॲक्सलच्या मध्याखाली जॅक लावून चाके जमिनीपासून उचलावीत व ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे अथवा लोखंडी घोडे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर किंवा विटा-दगडांच्या चवडीवर ट्रॅक्टर ठेवून त्याखाली जाऊ नये.

चाक वर व खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. हलताना चाकाचे हब स्टब ॲक्सलवर सरकत असेल, तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे. हबसह स्टब ॲक्सलही हलत असेल, तर किंग पिनचे बुश झिजले आहेत. नंतर चाक ३ व ९ च्या जागी धरून हलवावे. या दिशेने जाणवणारी ढिलाई बहुधा टाय रॉडच्या सांध्यांतील असते. शेवटी चाक हाताने फिरवून सोडावे. घरघर आवाज आला, तर बेअरिंग उघडून पाहणे आवश्यक आहे.

स्टिअरिंग जड लागत असेल, तर लगेच पेटी उघडू नये. पुढील टायरांत हवा कमी असणे, किंग पिन कोरडी पडणे, थ्रस्ट बेअरिंग चिकटणे व पेटीतील तेल उतरणे ही नेहमीची कारणे होत. दोन-चाकी चालनाच्या ट्रॅक्टरच्या पुढील टायरांत साधारणतः २४ ते ३२ पौंड व मागील टायरांत १२ ते १६ पौंड हवा असते. नेमका दाब टायरच्या आकारावर व कामावर अवलंबून असल्याने माहितीपुस्तिका पाहावी. ट्रॅक्टर एका बाजूस ओढत असेल, तर दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे काय व एका चाकाचा ब्रेक चिकटतो काय, हे आधी पाहावे. रस्त्यावर पुढील चाके थरथरत असतील, तर चाकांची नटे, बेअरिंग, टाय रॉडचे सांधे व रिमचा वाक तपासावा.

दुरुस्तीची कामे

बॉल जॉइंट बदलताना प्रथम कॉटर पिन काढून खाचांचे नट सोडवावे. सांध्याची पिन निमुळती असल्याने आर्मच्या भोकात घट्ट बसलेली असते. तिच्या आट्यांवर हातोडा मारू नये. पुलर वापरावा. टाय रॉडमधून जुना सांधा किती फेऱ्यांत निघाला ते मोजावे व नवा तेवढ्याच फेऱ्यांत चढवावा. नट आवळून झाल्यावर नवी कॉटर पिन घालावी. पिनेऐवजी खिळा किंवा तार वापरण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते, ती सर्वथा सोडावी. खिळा गळून पडला, की नट सुटते, दांडा निखळतो आणि त्या क्षणी चालकाच्या हातातील चाकाचा पुढील चाकांशी काही संबंध उरत नाही. सांध्यावर रबरी टोपी असणे व जोडाचे बोल्ट-पिना पक्क्या अडकविलेल्या असणे, हे नियम ९८ नेही सक्तीचे केले आहे. टोपी फाटली, की आत माती-पाणी शिरते आणि नवा सांधा एका चिखलणीतही खराब होऊ शकतो.

चाकाचे ढिले बेअरिंग पक्के करण्यासाठी हबची टोपी व कॉटर पिन काढावी. चाक फिरवीत फिरवीत नट आवळावे आणि चाक किंचित जड फिरू लागताच थांबावे. मग खाच व भोक समोरासमोर येईपर्यंत नट थोडे मागे घेऊन नवी पिन घालावी. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलता कामा नये.

पुढील दोन चाके समोरच्या बाजूस एकमेकांकडे किंचित झुकलेली असतात, यास टो-इन म्हणतात. ते मोजण्यासाठी हबच्या उंचीवर रिमच्या पुढील कडांमध्ये अंतर मोजून खुणा कराव्यात. मग ट्रॅक्टर पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत व त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजावे. पुढचे माप मागच्यापेक्षा माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या काही मिलिमीटरांनी कमी असावे. फरक असल्यास टाय रॉडची लॉक नटे सोडवून त्याची लांबी कमी-अधिक करावी व नटे पुन्हा घट्ट आवळावीत. आंतरमशागतीसाठी दोन ओळींतील अंतराप्रमाणे पुढील चाकांची रुंदी बदलली जाते. त्या वेळी ॲक्सलची दोन्ही टोके सारख्याच भोकांनी बाहेर घ्यावीत, टाय रॉड त्याप्रमाणे लांब करावा आणि टो-इन नव्याने तपासावे. कपाशी किंवा उसातील काम झाल्यावर रुंदी पूर्ववत केली, की हेच पुन्हा करावे. हे न केल्याने पुढील टायरांच्या कडा करवतीसारख्या झिजलेल्या पुष्कळ ठिकाणी आढळतात.

बाहेरचे सर्व सांधे निर्दोष असूनही ढिलाई राहिली, तरच पेटीकडे वळावे. प्रथम तिच्यातील तेलाची पातळी पाहून सांगितलेल्या प्रतीचे गिअर ऑइल भरावे. पेटीच्या आतील भागांची जुळणी अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावी. ही जुळणी चाके सरळ असतानाच करावयाची असते. ट्रॅक्टर बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने झीज मध्यभागी अधिक होते. वळलेल्या स्थितीत तेथील दाते कमी झिजलेले असतात. म्हणून जुळणी झाल्यावर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ते कोठेही अडत नाही, याची मालकाने स्वतः खात्री करून घ्यावी.

जोडकाम वर्ज्य

वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे, तडा गेलेल्या ड्रॉप आर्मवर किंवा स्टब ॲक्सलवर वेल्डिंग करणे, हे हंगामाच्या घाईत सर्रास केले जाते. पण नांगराच्या फाळास जे चालते, ते येथे चालत नाही. हे भाग विशिष्ट रीतीने घडवून व पाणी देऊन तयार केलेल्या पोलादाचे असतात. तापविल्याने त्यांचा कस जातो व वेल्डिंगच्या कडेलाच नवा तडा सुरू होतो. वरून भाग अखंड दिसतो आणि एके दिवशी भरल्या ट्रॉलीसह तुटतो. असा भाग बदलावा, हाच एक मार्ग आहे.

पॉवर स्टिअरिंगची विशेष काळजी

नव्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांना तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात हाताला श्रम कमी पडतात, त्यामुळे सांध्यांतील झीज लवकर जाणवतही नाही. म्हणून मोजणीची गरज येथे अधिक आहे. तेलाची पातळी नियमित पाहावी, तेल भरण्यापूर्वी टाकीच्या तोंडावरील धूळ पुसावी व नळ्या कोठे घासत नाहीत ना, ते तपासावे. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते व गंभीर इजा करते. गळतीच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. चाक पूर्ण वळवून तसेच दाबून धरू नये, त्याने तेल तापते. उतारावर इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करणे तर अत्यंत धोक्याचे आहे, कारण पंप थांबताच स्टिअरिंग एकाएकी जड होते.

भार व स्टिअरिंग

स्टिअरिंग कितीही निर्दोष असले, तरी पुढील चाके जमिनीवर दाबून टेकलेली असली तरच ट्रॅक्टर वळतो. एका ॲक्सलच्या ट्रॉलीत पुढच्या बाजूस ऊस जास्त भरला, की हुकावर भार येतो व ट्रॅक्टरची पुढची बाजू हलकी होते. चढावर हा परिणाम आणखी वाढतो. यासाठी ट्रॉली मर्यादेतच भरावी, भार समतोल ठेवावा, ओढ ठरलेल्या खालच्या हुकावरूनच घ्यावी आणि पुढे उत्पादकाने सांगितलेली वजने लावावीत. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांस जोडावेत. शेतात वळताना नांगर किंवा कल्टिव्हेटर वर उचलून मगच वळावे. अवजार जमिनीत रुतलेले असताना बळाने वळविल्यास सांध्यांवर व ॲक्सलवर अकारण ताण येतो.

मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तेथील अहवालांत ट्रॅक्टर किती लहान वर्तुळात वळतो, हेही नोंदविलेले असते. मालकानेही मोकळ्या जागी डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळण घेऊन चाकांची दोन वर्तुळे मोजावीत. त्यांत मोठा फरक आढळला, तर कोठे तरी दांडा वाकला आहे किंवा वळणाच्या मर्यादेचा स्क्रू सरकला आहे, असे समजावे.

केव्हा काय करावे

रोज सकाळी चाकांची नटे, कॉटर पिना व टायर एकवार नजरेखालून घालावेत. साधारणतः दर ५० तासांनी ग्रीस निपल फडक्याने पुसून सर्व सांध्यांना व किंग पिनला जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस द्यावे. भातखाचरात चिखलणी चालू असताना हे काम दररोज सायंकाळी करावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडते. खरीप पेरणीपूर्वी एकदा व गळीत हंगामापूर्वी एकदा मोकळीक मोजून वर सांगितलेली संपूर्ण तपासणी करावी.

ग्रीस, हवा, बेअरिंगची जुळणी, टो-इन व नटे-पिना ही कामे मालक व चालक यांना मिळून घरी करता येतात. पेटी, किंग पिनचे बुश व पॉवर स्टिअरिंगचा पंप ही कामे कार्यशाळेत न्यावीत. तेथे जाताना मोजणीची वही सोबत ठेवावी. कोणत्या सांध्यात किती ढिलाई होती, हे मालकास आकड्यांनिशी सांगता आले, म्हणजे कारागिरासही नेमके काम करता येते आणि काम झाल्यावर ते झाले की नाही, हे तेथेच पुन्हा मोजून पाहता येते. मोकळीक ठरलेल्या मर्यादेत आल्याखेरीज ट्रॉली जोडू नये.